खूण नसलेले दुखणे

पावसाळा लागला, की नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या पंचक्रोशीत वेदनेचे एक रूप सर्वांच्या परिचयाचे होऊन जाते. बालाघाटच्या डोंगरकडांना लागून असलेल्या या कोरडवाहू मुलखात खुरपणीला वाकलेल्या बाईला किंवा रात्री आखाड्यावर निजलेल्या गड्याला सर्पदंश होतो, पावलावर दातांच्या खुणा उमटतात, सूज पोटरीकडे सरकू लागते आणि मिळेल त्या वाहनाने रोगी तालुक्याला पोहोचविला जातो. वैद्यकीय वाङ्मयात या गावाचे नाव गेले तेही याच निमित्ताने : येथील डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण सर्पदंशाच्या उपचारांचा आपला दहा वर्षांचा अनुभव ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकातून २००५ साली मांडला. सर्पदंश हा प्राणसंकटाचा प्रसंग खरा. परंतु त्यात वेदनेला कारण असते, कारणाची खूण अंगावर असते आणि विषाला प्रतिविष असते. म्हणून त्या रोग्याची कैफियत कोणी खोटी ठरवीत नाही.

त्याच तालुक्यातल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर, आठवडी बाजाराच्या दिवशी विशेषेकरून, अशी एखादी चाळिशीची बाई बसलेली असते, की जिच्या अंगावर कसलीच खूण नसते. “साहेब, समदं अंग ठणकायलंय, कुठं म्हणून दावू?” असे ती म्हणते, आणि दाखवू लागली म्हणजे मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, कोपरे असा तिचा हात सर्वांगावर फिरतो. डॉक्टर सांधे दाबून पाहतात, सूज नसते. रक्त तपासतात, दोष नसतो. क्ष-किरणाचे चित्र काढतात, हाडे ठीक असतात. मग “तुम्हाला काही झालेले नाही” असे जे सांगितले जाते, ते सांगणाऱ्याच्या मनात धीर देण्यासाठी असले, तरी ऐकणाऱ्या बाईच्या, आणि तिच्याबरोबर आलेल्या नवऱ्याच्या किंवा सासूच्या कानांवर ते निकालासारखे पडते : हिला काही झालेले नाही, म्हणजे ही ढोंग करते. या दुखण्याच्या चिकित्सेतली पहिली आणि सर्वांत महाग चूक या एका वाक्यात आहे, असे माझे मत आहे. कारण पुष्कळदा अशा बाईला काहीतरी झालेले असते, त्याला फायब्रोमायाल्जिया असे नाव आहे आणि त्याच्या ओळखीच्या कसोट्याही ठरलेल्या आहेत.

या व्याधीचे स्वरूप असे, की शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली, निदान तीन महिने सतत दुखणे राहते; कधी ते ठणक्याचे असते, कधी जळजळीचे, कधी अंग मोडून आल्यासारखे. परंतु दुखणे हे तिचे एकच अंग आहे. रात्रभर डोळे मिटलेले असूनही पहाटे उठताना झोप झाल्यासारखी वाटत नाही; दिवस उजाडताच थकवा अंगावर बसलेला असतो; चुलीवर दूध ठेवून कशासाठी आत गेलो ते आठवत नाही, बोलता बोलता शब्द हरवतो; बांगडीचा किंवा चोळीच्या काठाचा दाबही टोचतो; उजेड, आवाज, थंड वारा यांचा त्रास होतो. डोके दुखणे, पोटाची तक्रार, वारंवार लघवीला जावे लागणे, हातापायांना मुंग्या येणे ही लक्षणे एकेकटी आली असती, तर एकेका खात्याच्या डॉक्टरांकडे गेली असती, आणि बहुधा तशीच ती जातातही. आज हाडांच्या डॉक्टरकडे, पुढच्या महिन्यात पोटाच्या, नंतर मेंदूच्या, असा मुखेड ते नांदेड, नांदेड ते हैदराबाद हा प्रवास चालू राहतो, आणि प्रत्येक ठिकाणी आपापल्या अवयवापुरते निर्दोषत्वाचे पत्र मिळते. सर्व कागद एकत्र मांडून बसणारा मात्र कोणी भेटत नाही. जगातील निरनिराळ्या देशांच्या पाहण्यांवरून शंभर माणसांत दोन ते चार जणांना ही व्याधी असते असा सर्वसाधारण अंदाज आहे. ती पुरुषांनाही होते. पण पुरुषाचे सर्वांग दुखणे हे कष्टाच्या नाही तर दारूच्या खात्यावर मांडून मोकळे होण्याची सर्वांनाच सवय असल्यामुळे त्याची दाद आणखी कमी लागते.

या व्याधीचा वैद्यकशास्त्रातील इतिहास म्हणजे एका चुकीच्या ठिकाणी सत्तर वर्षे चाललेला शोध आहे. १९०४ साली लंडनचे प्रख्यात मज्जातज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर दिलेल्या व्याख्यानात स्नायूंभोवतीच्या तंतुमय ऊतींना दाह होत असावा, असे अनुमान करून ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द घडविला. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी अशा दुखऱ्या गाठींमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसल्याचे लिहिले, आणि अनुमानाला पुरावा मिळाला असे सर्वांना वाटले. पुढे इतरांनी तीच तपासणी केली तेव्हा तो दाह काही कोणाला सापडेना. १९७६ साली फिलिप हेंच यांनी दाहाचा निर्देश गाळून ‘फायब्रोमायाल्जिया’, म्हणजे तंतू आणि स्नायू यांचे दुखणे, असे नाव सुचविले. बंगालच्या पूर्व भागात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. मुहम्मद युनूस यांनी १९८१ मध्ये रोग्यांची निरोगी माणसांशी रीतसर तुलना करून या लक्षणांचा एक निश्चित समुच्चय आहे, हे दाखवून दिले. १९९० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने कसोटी ठरविली, ती अशी, की शरीरावरील नेमलेल्या १८ स्थळांवर अंगठ्याने सुमारे ४ किलोचा दाब द्यावा, आणि ११ किंवा अधिक ठिकाणी दुखले तर निदान पक्के मानावे. ही कसोटी वापरायला सोपी खरी. पण तिने दुखणे मोजले आणि थकवा, निद्रा, विस्मरण यांना बाहेर ठेवले, शिवाय अंगठा प्रत्येक डॉक्टरचा निराळा. म्हणून २०१० साली ती मागे पडली. आता शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखतात आणि थकवा, ताजेपणा न देणारी झोप, बुद्धीचे मांद्य ही किती तीव्र आहेत, हे विचारून गुण दिले जातात. २०१६ च्या सुधारणेत एक मोलाचे वाक्य आले : रोग्याला दुसरा कोणता रोग आहे एवढ्यावरून हे निदान नाकारता येत नाही. संधिवात असलेल्या बाईला फायब्रोमायाल्जियाही असू शकतो. आणि तो ओळखला नाही, तर सांध्यांची सूज उतरूनही तिचे दुखणे उतरले नाही म्हणून संधिवाताचीच औषधे विनाकारण वाढत जातात.

मग दोष स्नायूंत नाही, सांध्यांत नाही, हाडांत नाही, तर तो आहे कोठे? गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचे उत्तर असे, की तो वेदना ग्रहण करणाऱ्या आणि तिचे मोल ठरविणाऱ्या मज्जासंस्थेत आहे. ज्वारीच्या रानात रानडुकरे एकदा शिरून पीक लोळवून गेली, की माळ्यावर बसलेला राखणदार पुढे पानांच्या सळसळीलाही डबा बडवू लागतो. रानात डुकरे नसतात, पण डबा खरोखर वाजत असतो आणि त्याने गावाची झोप खरोखर मोडते. मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यात वेदनेचे संदेश मोठे करणारी यंत्रणा आहे, तशी ते दडपून टाकणारीही आहे. या व्याधीत पहिली सैल सुटते आणि दुसरी दुबळी पडते. या म्हणण्याला आधार आहे. रोग्यांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात वेदनेचा संदेश वाहणारे ‘सबस्टन्स पी’ नावाचे द्रव्य निरोगी माणसांच्या सुमारे तिप्पट आढळले. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि डॅनिएल क्लॉ यांच्या गटाने रोगी व निरोगी अशा दोघांच्या अंगठ्याच्या नखावर नेमका मोजलेला दाब देत त्यांच्या मेंदूची कार्यदर्शक चित्रे घेतली, तेव्हा निरोगी मेंदूने ज्याची फारशी दखल घेतली नाही, तेवढ्याच दाबाने रोग्यांच्या मेंदूतील वेदनेची अनेक केंद्रे जागी झालेली दिसली. अर्थात “दुखते” म्हणणारी बाई खोटे बोलत नव्हती. या पुराव्याला फाटेही फुटले आहेत : काही रोग्यांच्या त्वचेतील अतिसूक्ष्म मज्जातंतू विरळ झालेले आढळले, आणि २०२१ साली इंग्लंड व स्वीडनमधील संशोधकांनी रोग्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा ते उंदीर दाबाला व थंडीला अधिक संवेदनशील झाले. म्हणजे हा विषय मिटलेला नाही. एकाच नावाखाली एकाहून अधिक व्याधी नांदत असतील, हेही संभवते.

झोपेचे प्रकरण याहून जुने आणि, मला वाटते, व्यवहारात अधिक उपयोगाचे आहे. १९७५ साली टोरोंटो येथे हार्वे मोल्डोफ्स्की आणि ह्यू स्माइद यांनी निरोगी स्वयंसेवकांना झोपू दिले. पण गाढ झोपेची पायरी आली, की जाग येणार नाही इतपत आवाज करून ती पायरी मोडायची, असे काही रात्री केले. सकाळी त्या धडधाकट माणसांचे अंग दुखू लागले, दाबाला ती हळवी झाली, आणि झोप सुरळीत होताच पूर्ववत झाली. वेदनेने झोप मोडते हे सर्वांना ठाऊक असते. मोडलेली गाढ झोप वेदना उत्पन्न करते हे त्या प्रयोगाने दाखविले. पहाटे चारला पाण्याच्या पाळीसाठी उठणारी, रात्री लहान लेकरासाठी तीनदा उठणारी आणि रात्रीच्या विजेच्या पाळीत मोटार चालू करायला शेतात जाणारी माणसे या तालुक्यात किती असतील, याचा विचार हा प्रयोग वाचल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही.

“म्हणजे हे मनाचेच म्हणायचे,” असा शेरा येथे कोणीतरी मारतोच. खिन्नता आणि चिंता या व्याधीबरोबर पुष्कळदा असतात, बालपणीच्या वा नंतरच्या आघातांनी तिचा धोका वाढतो, हे मान्यच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ज्यांची घरे जमीनदोस्त झाली, त्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील माणसांना आघात म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. पण मज्जासंस्था ही शरीरातच असते, आणि मनावरचा ताण तिच्यावर नोंदला जातो, म्हणून वेदना काल्पनिक ठरत नाही. ऊतींची इजा आणि मज्जातंतूंची इजा या दोन जुन्या वर्गांत न बसणाऱ्या अशा वेदनांसाठी जागतिक वेदना-अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये तिसरा वर्गच मान्य केला आहे.

आपल्या मुलखाकडे वळायचे, तर महाराष्ट्राच्या खेड्यांतील अंगदुखीची सर्वांत काळजीपूर्वक केलेली मोजणी मराठवाड्यातली नाही, ती पुणे जिल्ह्यातील भिगवणची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये या गावात घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस केली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचे, स्नायूंचे किंवा हाडांचे दुखणे होते. पण ज्याच्या नावाने सगळे घाबरतात, तो खरा आमवाताभ संधिवात (ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस) अवघ्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. दुखणाऱ्यांचा मोठा हिस्सा सांध्यांच्या झिजेचा, मृदू ऊतींच्या दुखण्यांचा आणि कोणत्याच ठराविक चौकटीत न बसणाऱ्या तक्रारींचा होता. त्या सर्वांना फायब्रोमायाल्जिया म्हणणे चुकीचे होईल; मात्र खेड्यातल्या अंगदुखीचा फार मोठा भाग रक्ताच्या अहवालात कधीच सापडणार नाही, ही गोष्ट त्या पाहणीने कागदावर आणली. पुढे २००६ साली चिकुनगुन्याची साथ दक्षिणेकडून आली आणि मराठवाडा व सोलापूर भागात घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. हा पाहुणा नवीन नव्हता. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला तो १९७३ मध्ये येऊन गेला होता. बहुतेकांचा ताप आठवड्यात गेला, पण काहींचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले, आणि त्यांतल्या काहींच्या सांध्यांत सूज मुळीच नव्हती. विषाणूचा ज्वर, अपघात, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर जागा झालेला राखणदार पुन्हा निजत नाही, असा हा प्रकार असतो.

एवढे सांगितल्यावर उलट बाजूचा इशाराही दिला पाहिजे. सर्वांग दुखते म्हणून प्रत्येकावर हा शिक्का मारणे हे “काही नाही” म्हणण्याइतकेच घातक आहे. थायरॉइडची मंदता, ड जीवनसत्त्वाच्या अभावाने मऊ पडलेली हाडे, रक्तक्षय, मधुमेहाने बिघडलेले मज्जातंतू ही सर्व अंगदुखीची वाट धरून येतात. नांदेड जिल्ह्यात आणखी एक कारण पाण्यातून येते : किनवट भागातील कित्येक गावांच्या विहिरी व बोअर यांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर आहे, आणि लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर डाग पडून पुढे पाठ व सांधे ताठतात. म्हणून रोगी कोठला, पाणी कोठले पितो, हा प्रश्न येथे निदानाचा भाग आहे. सांध्यांवर दिसणारी सूज, तासाहून अधिक टिकणारा सकाळचा ताठरपणा, ताप, उतरणारे वजन, रात्री एकाच जागी मणक्यात वाढणारे दुखणे, पायांतली शक्ती जाणे, तोंडात फोड आणि अंगावर चट्टे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच आलेले खांद्यांचे व डोक्याचे दुखणे, यांपैकी काहीही असल्यास शोध पुढे नेलाच पाहिजे. ते नसेल, तर रक्ताची साधी गणना, दाहदर्शक चाचणी, थायरॉइड आणि गरजेप्रमाणे साखर, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व एवढ्यावर बहुधा भागते. त्याच तपासण्या दर वर्षी निराळ्या प्रयोगशाळेत करून घेण्याने एवढेच होते, की निरोगी माणसांतही काहींच्या रक्तात सापडणारा ‘आर ए फॅक्टर’ कधीतरी होकारार्थी येतो, आणि नसलेल्या संधिवाताची औषधे चालू होतात.

पण मराठवाड्यात या रोग्याचे अधिक नुकसान तपासणीने होत नाही, ते सलाईनने होते. अंगात शक्ती नाही, सलाईन लावा, ही मागणी रोग्याकडून येते आणि ती पुरविणाऱ्यांचा तोटा नसतो. अर्ध्या लिटरच्या मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. त्यात जीवनसत्त्वाची कुपी मिसळून तिला लाल रंग आणला, की तिचे मोल वाढते, गुण वाढत नाही. त्याबरोबर टोचल्या जाणाऱ्या वेदनाशामक सुईचा या व्याधीत फारसा उपयोग नाही, कारण ती दाहावर चालते आणि येथे दाह नसतो. वारंवार घेतल्यास ती जठराला व मूत्रपिंडाला बाधते. स्टिरॉइडची सुई दोन दिवस हुरूप आणते आणि तेवढ्यावरच आपली कीर्ती करून घेते. नाव-गाव नसलेल्या वाताच्या पुड्यांतही पुष्कळदा तेच मिसळलेले असते. याहून दारुण गोष्ट शस्त्रक्रियेची आहे. मुखेड-कंधारच्या डोंगराळ पट्ट्यातून आणि बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास जी जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांतल्या स्त्रीला आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यातील अशा स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे उघड झाले. त्या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे होती आणि त्यांतल्या किती जणींना फायब्रोमायाल्जिया होता हे कोणी तपासलेले नाही. पण ओटीपोट, कंबर आणि मांड्या यांच्या न समजलेल्या दुखण्यावर अवयव काढून टाकणे हा उपाय आपल्या समाजाला किती सहज सुचतो, एवढे त्या आकड्यावरून दिसते. मज्जासंस्थेतून उठणारी वेदना अवयव काढल्याने जात नाही. ती दुसऱ्या जागी बोलू लागते.

इलाजाचा आरंभ नाव सांगण्याने होतो. हा रोग खरा आहे, याने सांधे वाकडे होत नाहीत, अंग लुळे पडत नाही, आयुष्य कमी होत नाही, तो समूळ जाईलच असे नाही, पण पुष्कळ उतरतो, एवढी पाच वाक्ये रोगी आणि घरचे माणूस या दोघांना समोर बसवून सांगायला लागणारी दहा मिनिटे गर्दीच्या दवाखान्यात महाग वाटतात. परंतु पुढच्या वर्षभराच्या फेऱ्या पाहता ती स्वस्तच पडतात.

त्यानंतरचा उपाय ऐकून मात्र बाई हसते, आणि तिचे हसणे रास्त असते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये शिफारशी सुधारल्या, तेव्हा सर्व उपायांत एकट्या व्यायामाची भलामण ठामपणे केली. आणि दिवसभर सोयाबीन काढणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बाईला व्यायाम करायला सांगणे ही थट्टाच वाटते. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे, आणि तो नीट समजावून द्यावा लागतो. कष्टाचे प्रमाण काम ठरविते : वाकलेल्या पाठीने सहा तास, एकाच स्नायूवर, ठणका लागला तरी थांबता येत नाही. व्यायामाचे प्रमाण आपण ठरवितो. सर्वांत वाईट दिवशीही जमेल एवढेच, समजा सकाळी पाच-सात मिनिटे सपाट रस्त्याने चालणे, तेथून आरंभ करावा. आठवडाभर तेवढेच ठेवून मग मिनिट-दोन मिनिटे वाढवावी. अंग थोडे दुखेल, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते उतरले तर इजा झालेली नाही असे समजावे. अशा संथ वाढीने तीन-चार महिन्यांत अर्ध्या तासापर्यंत जाता येते, आणि वेदना दडपणारी दुबळी यंत्रणा पुन्हा कामाला लागते. चिनी पद्धतीचे ताइ ची हे मंद हालचालींचे तंत्र या व्याधीत निदान दम वाढविणाऱ्या (एरोबिक) व्यायामाइतके उपयोगी ठरल्याचे बॉस्टनच्या २२६ रोग्यांवरील प्रयोगात २०१८ मध्ये दिसून आले. आपल्याकडची सावकाश केलेली आसने त्याच जातीची आहेत, मात्र शरीर पिळून काढणारी आसने पहिल्या महिन्यात करू नयेत. याच्या जोडीला दिवसाची वाटणी. बरे वाटलेल्या दिवशी साठलेले सगळे काम उपसायचे, घर सारवायचे, धुणे, दळण, पापड एकदम करायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, हा क्रम बहुतेक रोग्यांत आढळतो. तो मोडून चांगल्या आणि वाईट दिवसांचे काम जवळजवळ समान ठेवणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही गोळीपेक्षा कठीण आहे.

झोपेसाठी उठण्याची वेळ नियमित असावी, दुपारचा चहा तीनच्या पुढे नसावा, अंथरुणावर पडून मोबाईल पाहू नये. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल, तर त्याचा निराळा इलाज करावा. औषधांत अमिट्रिप्टिलिन हे जुने व स्वस्त औषध दहा मिलिग्रॅमएवढ्या अल्प मात्रेत रात्री दिल्यास झोप आणि वेदना दोन्हींवर काम करते. औषधाच्या दुकानातला मुलगा “ही तर मानसिकची गोळी आहे” असे सांगतो, आणि बाई ती नाल्यात टाकते. म्हणून एवढ्या मात्रेत ती वेदनेच्या मज्जामार्गावर चालते हे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच सांगून ठेवावे. तोंड कोरडे पडणे, सकाळी गुंगी राहणे हे तिचे उपद्रव. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा दोष किंवा लघवी अडण्याचा विकार असलेल्यांनी व वृद्धांनी ती सावधपणे घ्यावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या व्याधीसाठी २००७ मध्ये प्रिगॅबालिन, २००८ मध्ये ड्युलॉक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नासिप्रान यांना मान्यता दिली; युरोपच्या प्रशासनाने यांपैकी एकालाही या रोगासाठी मान्यता दिली नाही, यावरून त्यांचा गुण किती मध्यम आहे हे कळावे. काहींना त्यांनी चांगला उतार पडतो, पुष्कळांना चक्कर, मळमळ किंवा वजनवाढ सोसावी लागते. दोन-तीन महिने योग्य मात्रेत घेऊन गुण नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून बंद करणे बरे. अफूच्या वर्गातली औषधे येथे देऊच नयेत. शेक आणि तेलाची मालिश तात्पुरती सुखावह असते आणि तिला हरकत नाही. मनाच्या ओझ्यासाठी समुपदेशन मिळाले तर उत्तम. नांदेडच्या विष्णुपुरीतील किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचाराची सोय असते, आणि तेथे जाणे म्हणजे वेडाचा दाखला घेणे नव्हे, हे घरच्यांना दोनदा सांगावे लागते.

घरच्यांचा प्रश्न शेवटी येतो, पण तो दुय्यम नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत या व्याधीचा समावेश नाही. तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेने जिल्ह्याच्या फेऱ्या घालून हाती काही लागत नाही, आणि सवलत जी काय मिळायची ती उंबऱ्याच्या आतूनच मिळायची असते. ती फार मोठी नसते. वाकून करायचे काम सलग न ठेवता मध्ये उठण्याची मोकळीक, पाण्याच्या दोन खेपा घरातल्या दुसऱ्या कोणी करणे, पहाटेची एक पाळी नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने घेणे, आणि “आज किती दुखतंय?” हा प्रश्न सकाळ-संध्याकाळ न विचारणे, कारण सतत मोजल्या जाणाऱ्या वेदनेकडेच लक्ष वेधले जाते. उलट, हौसेने सगळे काम काढून घेऊन बाईला खाटेवर बसवून ठेवणेही अहिताचे आहे. न वापरलेले स्नायू दोन-चार आठवड्यांतच दुबळे होतात आणि पुढे थोडे चालणेही दुखरे होऊन बसते. म्हणून पहिल्या भेटीला जो नातेवाईक आला असेल, त्यानेच महिन्याभराने पुन्हा यावे असा आग्रह डॉक्टरांनी धरावा. आणि त्या भेटीत दुखण्याचा आकडा विचारण्याआधी चालणे किती मिनिटांवर आले, रात्री सलग झोप किती लागते आणि पाण्याच्या खेपा सध्या कोण करते, हे दोघांनाही विचारावे.